जबाब होईपर्यंत

"गुरुजी, आज वार कोनता?"

येसू घोलपांनी हे विचारले, तेव्हा मी त्यांच्या उशाशी ओला कापूस घेऊन बसलो होतो. ओठ ओले करण्याची मुभा होती. पाणी पाजण्याची नव्हती.

"बुधवार," मी म्हणालो.

"आन् तिथी?"

"मार्गशीर्ष वद्य षष्ठी."

"तिथी न्हाई इचारत ते. पन म्हाईत असल्यालं बरं." एवढे बोलून ते छताकडे पाहत राहिले आणि शाळेतील मूल पाठ म्हणते तसे पुटपुटले, "बुधवार. बुधवार."

त्यांना ग्लानी येऊ लागली असावी, असे मला वाटले.

सेवानिवृत्तीनंतर मी कृष्णाकाठच्या आमच्या गावातील धर्मादाय रुग्णालयात रोज सकाळी जाऊन बसत असे. आयुष्य संस्कृतच्या अध्यापनात गेले होते. वैद्यकातील मला काही कळत नव्हते. परंतु माझ्या पत्नीने याच रुग्णालयात देह ठेवला, आणि तिच्या अखेरच्या दिवसांत तेथील परक्या माणसांनी तिची जी आपुलकीने विचारपूस केली, ती मी विसरू शकत नव्हतो. विश्वस्तांनी मला अपघात विभागाच्या दाराशी एक खुर्ची दिली. नातलगांना धीर द्यावा, ज्याचे कोणी नाही त्याच्याजवळ बसावे, आणि उपचारांच्या बाबतीत कोणी विचारल्यावाचून तोंड उघडू नये, एवढीच माझी सेवा.

त्या सकाळी गावाबाहेरच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यातील बॉयलर फुटला आणि दोन माणसांना आमच्याकडे आणले गेले. एक दिलावर मुलाणी, बॉयलरवर काम करणारा तरुण. दुसरे येसू घोलप, त्याच कारखान्याचे पहारेकरी, साठी ओलांडलेले विधुर गृहस्थ. दिलावरच्या किंकाळ्यांनी रस्त्यावरची माणसे थबकत होती. घोलप मात्र शांत होते. त्यांना उचलून खाटेवर ठेवताना वॉर्डबॉयला ते म्हणाले, "सावकाश रं बाबा, तुजीच कंबर मोडंल," आणि त्या भेदरलेल्या माणसाला हसू आवरेना.

प्राणवायूची सोय असलेली गाडी एकच होती. डॉक्टर उद्धव तोरस्कर यांनी दोघांनाही तपासले आणि दिलावरला शहरातील मोठ्या रुग्णालयात न्यायला सांगितले. मला ते स्वाभाविक वाटले. जो वेदनेने आक्रोश करतो, त्याची निकड अधिक, हा सामान्य माणसाचा हिशेब. घोलप स्वतःही म्हणालेच होते, "त्याला न्या आदी. मला काय बी दुखत न्हाई."

गाडी सुटण्यापूर्वी दिलावरची आई हमीदाबी धावत आत आली. घोलपांच्या शरीरावर चादरीचा स्पर्श होऊ नये म्हणून खाटेवर लोखंडी कमान ठेवून तिच्यावरून कापड सोडले होते. बुटांमुळे पायांचे तळवे तेवढे वाचले होते. हमीदाबीने त्या तळव्यांवर कपाळ टेकले.

"येसूमामा, हवालदार म्हनतोय, वाफेची झडप तारेनं बांदलेली घावली. माज्या पोराचं नाव घेत्यात सगळी. तो तर शुद्धीवर बी न्हाई धड."

बॉयलरमधील दाब वाढला की वाफ आपोआप बाहेर सोडणारी ती झडप. ती बांधून ठेवणे म्हणजे काय, हे मलाही त्या दिवशीच समजले.

"तार त्यानंच बांदली, हमीदा," घोलप म्हणाले. "पर त्यो नगं नगं म्हनत हुता. बांद म्हनून दमात कुनी घेतलं, ते म्या या डोळ्यानं बगितलंय आन् या कानानं ऐकलंय."

"मग तुमी सांगाल न्हवं?"

"सांगीन. रीतसर सांगीन. तू जा, गाडी खोळंबलीया."

ती गेली. मी डॉक्टरांना विचारले, "घोलपांना न्यायला दुसरी गाडी केव्हा येईल?"

उद्धव हा माझा जुना विद्यार्थी. शाळेत असल्यापासून त्याला एक खोड होती; अवघड उत्तर द्यायचे असले की तो आधी हात धुवून येई. त्याने हात धुतले, मला भिंतीकडे नेले आणि हलक्या आवाजात म्हणाला, "गुरुजी, दिलावरला दुखतंय, कारण त्याची कातडी अजून जिवंत आहे. यांना दुखत नाही."

वाक्याचा अर्थ माझ्यापर्यंत पोहोचायला वेळ लागला.

"अरे, पण ते बोलतात. विनोद करतात."

"असेच बोलतात. दुपारपर्यंत, फार तर संध्याकाळपर्यंत. शहरात नेऊनही काही उपयोग नाही, वाटेतच..." तो थांबला. "इतक्यात त्यांना सांगू नका. हवालदारांनी तहसील कार्यालयात निरोप धाडलाय. नायब तहसीलदार येतील."

मी चेहरा शक्य तितका सारखा करून घोलपांजवळ परतलो आणि कापूस भिजवू लागलो. त्यानंतर त्यांनी मला वार विचारला होता.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "तहसीलात निरोप गेला का वो?"

"कशाचा निरोप?"

"गुरुजी, तुमाला थापा मारायची सवं न्हाई. कशाला उगं तरास घेता?" त्यांचा चेहरा सुजून ताणला गेला होता, तरी ते हसले हे मला डोळ्यांत दिसले. "सारी नोकरी तहसीलात शिपाई म्हनून केलीया म्या. भाजल्याल्या मानसाचा जबाब घ्यायला सायेब निघाला, की शाईचा डबा घेऊन म्होरं म्या असायचो. त्या मानसाला बोटं नसली तर पायाचा अंगठा पुसून दिलाय ह्या हातानं. तहसीलातला सायेब खाटंपाशी कवा येतो, ते मला का कळायचं न्हाई?"

मी कापूस पुन्हा भिजवून घेतला.

"पयला सवाल, नाव. मग बापाचं नाव. वय, गाव, धंदा. मग वार कोनता, आपन हाय कुठं. मानूस शुद्धीवर हाय का ते बगायचं असतं. वार चुकला, की वकील म्हनतो, ह्याला भान नव्हतं. मग म्होरचं समदं गेलं पान्यात. म्हनून तुमाला इचारून ठिवला."

आयुष्यभर मी मृत्यूविषयीची उदात्त वचने मुलांकडून पाठ करून घेतली होती. त्या घटकेला त्यांतील एकही माझ्या ओठांवर आले नाही. मी त्यांचे ओठ ओले केले.

"बुधवार," मी म्हणालो.

"बुधवार," ते म्हणाले.

दुपार झाली, आणि तहसीलातून कोणी आले नाही. मंत्र्यांचा दौरा होता. कार्यालयातील सारी मंडळी पुलाजवळच्या सभेच्या बंदोबस्तात गुंतली होती. हवालदार पुन्हा निरोप घेऊन गेला. इकडे घोलपांना आधी थंडी भरली. दात वाजू लागले. मग, डॉक्टरांनी सांगितले होते त्याच्या विपरीत, वेदना आली. मागाहून मला समजले की शरीराचा थोडासा भाग वरवर भाजलेला असतो, आणि आघाताची बधिरता ओसरली की तेवढ्या भागाची वेदना सर्व देहाची होऊन येते. ते ओरडले नाहीत. त्यांचे पाय मात्र कमानीखाली एकमेकांवर घासू लागले, आणि तो आवाज सहन होत नव्हता.

रूथ भालेराव या त्या विभागातील ज्येष्ठ परिचारिका. सर्वजण त्यांना रूथ सिस्टर म्हणत. त्यांनी कपाटातून वेदनाशामक इंजेक्शन काढले, सुई भरली आणि डॉक्टरांकडे पाहिले.

"जबाब होईपर्यंत नाही," डॉक्टर म्हणाले.

ही त्या विभागाची रीत होती. गुंगी आणणारे औषध दिल्यानंतर घेतलेला मृत्युपूर्व जबाब न्यायालयात टिकत नाही, म्हणून आधी जबाब आणि मग सुई. सिस्टरांना ती रीत ठाऊक होती. अनेकदा त्यांनीच ती पाळली होती. परंतु तेव्हा अधिकारी तासाभरात येत असत.

याच वेळी कारखान्याचे व्यवस्थापक शिंगटे आत आले. नीटनेटका पोशाख, हातात शहाळ्याच्या पाण्याची बाटली. खाटेजवळ आल्याबरोबर त्यांनी मान वळवली आणि रुमाल तोंडावर धरला. ते ढोंग होते असे मी म्हणणार नाही. त्यांचे डोळे खरोखर भरले होते.

"माझ्याच गेटवरचा माणूस," ते मला म्हणाले. "रोज सकाळी माझी गाडी आत घ्यायचा. डॉक्टर, ही काय रीत झाली? माणूस तळमळतोय! त्याला झोपवा. बाहेरून काही आणायचं असलं तर सांगा, आत्ता माणूस पाठवतो."

"जबाब व्हायचाय," डॉक्टर म्हणाले.

"जबाब! अहो, जीव चाललाय त्याचा, आणि तुम्हाला जबाब सुचतोय? काही दयामाया आहे की नाही?"

"साहेब खरं तेच बोलतायत, सर," रूथ सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टरांनी शिंगट्यांना बाहेर थांबायला सांगितले. ते दारापलीकडच्या बाकावर जाऊन बसले. मग डॉक्टर सिस्टरांना घेऊन मलमपट्टीच्या खोलीत गेले आणि जाता जाता मला म्हणाले, "गुरुजी, तुम्हीही या." मी का, हे मला कळले नाही. कदाचित दोघांमध्ये तिसरे कोणी असावे, एवढेच त्यांना हवे असेल.

"सिस्टर, गेल्या वर्षीची ती जळालेली नवी सून आठवते?" डॉक्टर म्हणाले. "तिला मी आधी सुई दिली. दया आली म्हणून दिली. नंतर तिने सगळं सांगितलं, नावानिशी. कोर्टात वकिलाने मला एकच विचारलं, आधी औषध की आधी जबाब? सासरचे सगळे सुटले. परवा बाजारात तिची सासू मला नमस्कार करून गेली."

"ते मला माहीत आहे. मी होते तिच्याजवळ."

"मग?"

"मग ती शांत गेली, हेही मी पाहिलंय." सिस्टरांचा आवाज वाढला. "सर, कोर्टात काय टिकतं ते तुम्ही बघा. मला शिकवलंय ते एवढंच, की औषध हातात असताना समोरच्याला तडफडू द्यायचं नाही. आज मी हातात सुई घेऊन उभी आहे, आणि मंत्र्याचं भाषण संपायची वाट बघतेय! ही कुठली नर्सिंग?"

डॉक्टर भिंतीला टेकले. त्या क्षणी ते मला वर्गातील मुलासारखे लहान दिसले.

"गुरुजी, तुम्हीच सांगा. रूथ सिस्टर म्हणतात म्हणून मला सुई द्यावीशी वाटते. शिंगटे म्हणतात म्हणून देऊ नये असं वाटतं. मागणी दोघांची एकच आहे. मी कुणाचं ऐकू?"

मी धर्माधर्माचे निर्णय सांगणारे ग्रंथ शिकवले होते. वादी आणि प्रतिवादी एकच गोष्ट मागत असतील तर काय करावे, हे त्यांत मला कोठे वाचल्याचे स्मरत नव्हते.

"त्यांनाच विचारावे," मी म्हणालो. याहून शहाणपणाचे काही मला सुचले नाही.

आम्ही परत खाटेजवळ गेलो. रूथ सिस्टर घोलपांच्या कानाशी वाकल्या.

"मामा, सुई देऊ? सगळं दुखणं थांबेल."

घोलपांनी सुईकडे पाहिले. ती दृष्टी मी विसरलेलो नाही. उपाशी माणूस वाढलेल्या ताटाकडे पाहतो तशी ती होती.

"सायेब आल्यावर," ते म्हणाले. आवाज घोगरा झाला होता.

"कुणासाठी सोसताय एवढं?"

"हमीदाला बोललोय. पोरगं सुटलं पायजे."

त्या घोगरेपणाने डॉक्टर सावध झाले. त्यांनी विजेरीने घसा पाहिला आणि सरळ उभे राहिले.

"मामा, ऐका. तुमच्या घशाला आतून सूज येतेय. आवाज जाईल. साहेबांची वाट बघू नका. कायद्याने मीही जबाब लिहून घेऊ शकतो. आत्ता सांगा, मी लिहितो, गुरुजी साक्षीदार."

"न्हाई."

"का नाही?"

"डॉक्टरसायेब, तुमी लिवलं, आन् मागनं सायेबानं लिवलं, की जबाब दोन झालं." बोलताना त्यांना मध्येच थांबावे लागत होते. "दोन झालं, की वकील दोनी हातात धरतो. ह्यात हे हाय, त्यात हे न्हाई. दोनी फाडतो. लई बगितलंय. जबाब एकच पायजे, आन् त्यो बी सायेबाम्होरं."

"पण साहेब आलेच नाहीत तर?"

"येत्यात. तहसीलातला मानूस उशिरा येतो, पर येतो." आणि त्याही स्थितीत त्यांनी भर घातली, "म्याच न्हाई का उशिरा जायाचो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी खाली वाकलो. "येसूअण्णा, लिहायचे नको. नुसते माझ्या कानात सांगून ठेवा. कोणी झडप बांधायला लावली, तेवढे एक नाव."

"तुमी खोटं बोलनार न्हाई," ते म्हणाले.

"नाही बोलणार."

"म्हनून तर नगं. कोर्टात इचारतील, आदी कुनाला सांगितलं हुतं का? तुमी हो म्हनाल. झालं मग, जबाब दोन."

त्यांचा तो विश्वास मी कोणत्या युक्तीने मोडणार होतो? ज्या व्यवस्थेच्या दाराशी त्यांनी आयुष्य काढले, तिच्यावर त्यांची श्रद्धा होती. आणि श्रद्धेची भाषा मला इतकी परिचित होती की तिच्यापुढे माझे तर्क आपोआप मान खाली घालीत. डॉक्टरांनी आणखी एकदा समजावले. श्वासासाठी घशात नळी घालता येईल, असेही सांगितले. "नळी घातल्यावर बोलाया येतंया?" घोलपांनी विचारले. "नाही." "मग ती बी नगं."

त्यानंतर त्यांनी बोलणे थांबवले. आवाज राखून ठेवीत होते. रूथ सिस्टर सुई ताटलीत ठेवून पलीकडे उभ्या राहिल्या. अधूनमधून त्या ती उचलत आणि परत ठेवीत. शिंगटे दोनदा दारात येऊन गेले. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, "अजून नाही?" त्यांना सुई म्हणायचे होते की अधिकारी, हे मी विचारले नाही.

उन्हे कलली तेव्हा नायब तहसीलदार वाघचौरे आले. धुळीने भरलेले, घामाघूम. सभेच्या ठिकाणाहून थेट मोटारसायकलवर आले होते. वय तिशीचे असेल. खाटेजवळ येताच ते जागीच थांबले.

"येसूअण्णा? निरोपात नुसतं पहारेकरी म्हणाले होते... अहो, तुम्ही?"

घोलपांचे ओठ हलले. "नमस्कार, सायेब."

"यांच्याच हाताखाली शिकलो मी," वाघचौरे डॉक्टरांना म्हणाले. "नवा होतो, पहिला जबाब घ्यायला गेलो तेव्हा काय विचारायचं तेच सुचेना. यांनी मागून हळूच सांगितलं, साहेब, आधी नाव विचारा." त्यांनी डोळे पुसले, खुर्ची ओढली आणि लेखणी काढली. "येसूअण्णा, तुमचा जबाब असा घेतो की कुणी बोट ठेवू शकणार नाही."

मी अजून उशाशीच होतो. घोलप माझ्याकडे पाहून पुटपुटले, "गुरुजी, तुमी भायेर. नियम हाय."

मी बाहेर आलो. आत डॉक्टर, सिस्टर आणि वाघचौरे राहिले. दाराला नुसता पडदा होता, आणि तो पुरता ओढलेला नव्हता. शिंगटे बाकावरून उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. आम्ही दोघे, एकमेकांकडे न पाहता, ऐकू लागलो.

"तुमचं संपूर्ण नाव?"

"येसू... गणू... घोलप."

"वय?"

त्यांनी सांगितले.

"राहणार?"

गावाचे नाव, तालुका, जिल्हा. त्यांनी यांतील काहीही गाळले नाही. प्रत्येक शब्द फाटक्या पिशवीतून काढल्यासारखा बाहेर येत होता.

"काय काम करता?"

"पहारा... कारखान्यात."

"आज वार कोणता?"

"बुधवार." आणि क्षणभर थांबून, "वद्य षष्ठी."

"तिथी नको, अण्णा," वाघचौरे हळुवारपणे म्हणाले. "आत्ता तुम्ही कुठे आहात?"

"दवाखान्यात."

"तुमच्यासमोर कोण आहे?"

"सायेब... डॉक्टर... शिस्टर."

"वाघचौरे, मुद्द्यावर या!" डॉक्टरांचा आवाज होता. "त्यांचा घसा मिटतोय."

"आलोच. हे दोन राहिले तर सगळं जाईल." लेखणी थांबल्याचे मला कळले. "येसूअण्णा, हा जबाब तुम्ही स्वखुशीने देताय?"

"व्हय."

"कुणाचा दबाव, धाक, आमिष?"

"न्हाई."

"आता सांगा. काय झालं? झडप कुणी बांधायला लावली?"

शिंगट्यांचा श्वास माझ्या कानाशी थांबला.

आतून एक आवाज आला. वारा फटीतून शिरताना होतो तसा. मग पुन्हा तसाच. पडद्याच्या फटीतून मला घोलपांचा चेहरा दिसत होता. ओठ हलत होते. पुनःपुन्हा, एकाच आकारात हलत होते. त्यांत नाव होते. फक्त ध्वनी नव्हता.

"पाणी द्या," वाघचौरे म्हणाले.

"पाण्याने काय होणार?" डॉक्टर ओरडले. "नाव घेऊन विचारा ना! अमक्याने सांगितलं का, तमक्याने सांगितलं का. ते मान हलवतील!"

"नाही विचारता येत."

"का?"

"मी नाव सुचवलं, तर तो जबाब माझा झाला, त्यांचा नाही. पहिल्याच तारखेला उडेल." वाघचौरे रडवेले झाले होते. "यांनीच शिकवलंय मला, डॉक्टर. साहेब, आपण नाव घ्यायचं नाही. कधी घ्यायचं नाही."

आणि मी पाहिले की घोलपांनी मान हलवली. होकारार्थी. आपल्या शिष्याचे बरोबर आहे, असे ते सांगत होते.

वाघचौऱ्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, मग आणखी एकदा. ओठांची हालचाल मंदावत गेली. बोटे पट्ट्यांखाली होती. लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. माझ्या शेजारी शिंगट्यांनी डोळे मिटून हात जोडले. ते त्यांनी कशासाठी जोडले, हे मी आजही सांगू शकत नाही.

पुढे खटला झाला. दिलावर वाचला, पण त्याचे हात कायमचे आखडले. झडप त्याने बांधली होती हे सिद्ध झाले. कोणाच्या सांगण्यावरून, हे त्याच्याखेरीज सांगणारे कोणी नव्हते, आणि आरोपीच्या सांगण्याला किंमत नव्हती. मी साक्ष दिली. मयताने आपण आदेश देणारा पाहिल्याचे सांगितले होते, असे मी शपथेवर म्हणालो. "त्याने नाव सांगितले का?" असे मला विचारण्यात आले. "नाही," मी म्हणालो. मला बसण्याची आज्ञा झाली. दिलावरला शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी हमीदाबी मला न्यायालयाच्या पायऱ्यांवर भेटली. "येसूमामा सांगतो म्हनले हुते," ती एवढेच म्हणाली, आणि तिच्या स्वरात तक्रार नव्हती. जणू मामांना अजून उशीर झाला होता, इतकेच.

परंतु माझ्या मनात तो दिवस न्यायालयापर्यंत जात नाही. तो त्या पडद्याशी थांबतो.

वाघचौऱ्यांनी लेखणीला टोपण लावले. जे लिहिले होते ते त्यांनी रीतीप्रमाणे वाचून दाखवले: नाव, वय, गाव, धंदा, वार, ठिकाण, स्वखुशी. घोलपांनी प्रत्येक गोष्टीला मान हलवली. डॉक्टरांनी खाली लिहून दिले की जबाब देताना रुग्ण पूर्ण शुद्धीवर होता. मग वाघचौरे स्वतः खाटेच्या पायथ्याशी गेले, शाईचा डबा उघडला आणि पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतला. घोलपांनी पाय स्थिर धरला होता.

रूथ सिस्टरांनी सुई उचलली.

"आता देऊ?"

"द्या," डॉक्टर म्हणाले.

वाघचौऱ्यांनी मान डोलावली. पडदा सारून मी आत गेलो होतो. माझ्यामागून शिंगटेही आले होते. "द्या हो सिस्टर, लवकर द्या," ते म्हणाले. मीही, कोणी विचारले नसता, "द्या," असे म्हणालो.

घोलपांनी आम्हा सर्वांवरून एकेक करून दृष्टी फिरवली. मग त्यांनी आपला दंड, जेवढा भाजण्यातून वाचला होता तेवढा, सिस्टरांच्या पुढे केला. सकाळपासून त्या खोलीत प्रथमच सर्वांचे एकमत झाले होते.